वसईच्या ख्रिस्ती घराचा संसार व काटकसर



धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त जी स्मरणिका निघते तींत मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, ही हकीकत असते. आणि ती असावीच. परंतु ज्या घरांनीं मंदिराला आपल्या कमाईंतला वांटा दिला, त्या घरांतली चूल कशी पेटत होती, घरधनीण एका कापणीपासून दुसऱ्या कापणीपर्यंत तांदूळ कसा पुरवीत होती, कर्जाचा फेरा घराभोंवतीं कसा पडला आणि तो कशानें सैल झाला, हा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. राजांच्या लढायांना बखरी असतात. चुलीला बखर नसते. म्हणून आपल्या वसई भागांतील ख्रिस्ती घराच्या संसाराविषयीं व काटकसरीविषयीं कांहीं गोष्टी येथें थोडक्यांत सांगण्याचें मीं योजिलें आहे. हा केवळ जुन्या आठवणींचा विषय नाहीं. आज आपल्या पुष्कळ घरांपुढें जो प्रश्न उभा आहे, त्याचें उत्तर शोधण्यास हा इतिहास उपयोगी पडेल असें मला वाटतें.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसई व तिच्या सभोंवारचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवालीं केला. पुढें दोनशें पांच वर्षांनीं, १७३९ सालीं, चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला सर केला व मुलूख मराठ्यांकडे आला. १८१८ सालीं पेशवाई संपली आणि इंग्रजांचा अंमल कायम झाला. किल्ल्यावरचीं निशाणें अशीं बदलत गेलीं. परंतु शेतांत व वाडींत राबणारे सामवेदी व वाडवळ, आणि समुद्रावर जाणारे कोळी, हे आपापल्या जागीं राहिले. त्यांना राज्य कोणाचेंही असो, पाऊस वेळेवर पडणें व घरांत दाणा असणें हीच मोठी गोष्ट होती.

पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आमच्या घरांत राहिले. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, बालदी हे शब्द त्यांच्या भाषेंतून आले. मिरचीचें मूळ रोपही अमेरिकेंतलें; तें त्यांच्याच गलबतांतून या किनाऱ्यास लागलें. परंतु संसाराच्या दृष्टीनें पाहतां दोन शब्द विशेष विचार करण्याजोगे आहेत. एक 'पगार' व दुसरा 'लिलाव'. हे दोन्ही मूळचे पोर्तुगीजच. घरांत पैसा कसा येतो तें पहिला शब्द सांगतो, आणि हिशेब चुकला म्हणजे घर कोणत्या वाटेनें जातें तें दुसरा सांगतो. या दोहोंच्या मधून घर सुखरूप पार नेणें, यालाच आपण संसार म्हणतों.

पूर्वींच्या शेतकरी घरांत पगार नव्हता, पीक होतें. पीक वर्षांतून एकदां येतें आणि पोट मात्र रोज भूक सांगतें. या दोहोंचा मेळ घालणें हें घरधनिणीचें शास्त्र. पावसाच्या तोंडीं पेर, मग आवणी, आणि पाऊस सरतांच कापणी, असा क्रम. ऑक्टोबरांत आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या मंदिरांत आशीर्वादासाठीं जात. भात झोडून घरीं आलें कीं त्याच्या लगेच वांटण्या होत. एक वांटा वर्षाच्या जेवणासाठीं कणगींत; एक वांटा सरकारचा सारा भरण्यासाठीं; एक पैपाहुण्यासाठीं व दानधर्मासाठीं; आणि जें सर्वांत निवडक, टपोरें भात, तें बियाणें म्हणून पेंढ्याच्या मुड्यांत घट्ट बांधून निराळें ठेवीत. त्या मुड्याला हात लावावयाचा नाहीं, हा घरचा अलिखित कायदा होता. वैशाखांत कणगीचा तळ दिसूं लागला तर पेज पातळ होई, कंदमुळांवर एक वेळ निभे, प्रसंगीं शेजारणीकडून पायलीभर तांदूळ उसने येत; पण मुडा सुटत नसे. बियाणें खाल्लें तर पुढचें वर्षच खाल्लें, हें अक्षराची ओळख नसलेल्या आजीलाही पक्कें ठाऊक होतें. वाचकांनीं ही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिच्याकडेच आपणांस परत यावयाचें आहे.

एप्रिल व मे हे महिने बेगमीचे. उन्हांत वाळविलेले बोंबील, सुकट व वाकट्या. मीठ, चिंच, कांदे, वर्षाचा मसाला. लांकूडफांटा व गोवऱ्या हें सर्व मिरगाचा पाऊस येण्यापूर्वीं घरांत यावयाचें. पावसाळ्यांत समुद्र बंद, वाटा चिखलांत, वाडीचें उत्पन्न बेताचें. त्या दिवसांत जिन्नस मिळालाच तर चढ्या दरानें, आणि पुष्कळदां उधारीनें. म्हणून स्वस्ताईंत घ्यावें व महागाईंत खावें, हें बेगमीचें मर्म. टाकण्याचें तर घरांत कांहींच नसे. पेंढा गुरांना, कोंडा कोंबड्यांना, राख भांडीं घांसण्यास, केळीचें सोपट भाजीची जुडी बांधण्यास. राजेळी केळीं एकदम पिकलीं व विकलीं गेलीं नाहींत, तर तीं सोलून, उन्हांत वाळवून त्यांचीं सुकेळीं होत. नासणारा माल असा टिकाऊ होई आणि त्याला चार पैसे अधिक येत. प्रभु येशूनें पांच हजारांना पोटभर जेवूं घातलें, तरीही उरलेले तुकडे गोळा करावयास शिष्यांना सांगितलें, आणि बारा टोपल्या भरल्या. चमत्कार करणाऱ्यालाही उष्टेंखरकटें वायां जाणें रुचलें नाहीं, मग कष्टानें मिळविणाऱ्याला तें कसें रुचावें?

भात हें घराचें पोट, तर वाडी हा घराचा बटवा. वाडीचा आधार बावखल. बावखल म्हणजे वाडींत खणलेलें तळें. त्यांतून निघालेली माती वाडीला भर म्हणून पडे, पावसाचें पाणी त्यांत सांठे व जमिनींत मुरे, आणि समुद्र इतका जवळ असूनही आसपासच्या विहिरींचें पाणी गोडें राही. रहाटानें पाणी काढून केळी, पानवेल, भाजीपाला व फुलझाडें जोपासावीं, आणि पहांटे टोपली डोक्यावर घेऊन बाजार गांठावा, हा क्रम. टोपली नेणारी बहुधा घरची स्त्रीच. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै. हा सारा हिशेब ती बोटांच्या पेरांवर करी. लुगड्याच्या गांठींत पैसे बांधून ती घरीं येई तेव्हां मिठाचे किती, तेलाचे किती, मुलाच्या शाळेच्या फीचे किती, हें वाटेंतच ठरलेलें असे. आपल्या घरांची पहिली जमाखर्चाची वही ही अशी लुगड्याच्या पदराला होती.

पुढें आगगाडी आली. १८६४ सालीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा रस्ता वसईवरून मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोंचला आणि १८६७ सालीं विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली. मुंबई हें केवढें पोट! केळीं, पानें, भाजी, फुलें, दूध, सर्वांना तेथें गिऱ्हाईक. जो माल गांवच्या बाजारांत पडून राहावयाचा, त्याचे रोख पैसे होऊं लागले. मुलगे शिकले, मुंबईस नोकरीला लागले, आणि पोर्तुगीजांचा तो जुना शब्द, 'पगार', आमच्या घरांत खऱ्या अर्थानें नांदूं लागला. परंतु रोख पैशाबरोबर आणखी एक पाहुणा आला. ज्याला रोख पैसा मिळतो असें दिसतें, त्याला उधारही सहज मिळतें.

कर्ज हौसेखातरच होतें असें नाहीं. बैल मेला, पाऊस फसला, घरांत दुखणें आलें, तर शेतकऱ्यापुढें दुसरा मार्ग कोणता? तरीपण लग्नकार्य हें कर्जाचें एक मोठें कारण होतें, हें कबूल केलें पाहिजे. चार दिवसांचा मांडव, सगळ्या आळीला जेवण, दागदागिने, वाजंत्री. शेजाऱ्यानें जेवढें केलें त्याहून आपण कमी करावें तर लोक काय म्हणतील, ही भीति. एका आठवड्याच्या थाटाचें व्याज घर दहा दहा वर्षें फेडीत बसे. कर्जाची ही व्यथा वसईपुरती नव्हती. देशावर पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला व कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला. मुंबईच्या कामगारांची स्थितीही निराळी नव्हती. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या रॉयल मजूर-कमिशनच्या अहवालांत, कामगारांना रुपयामागें दरमहा एक आणा व्याज सर्रास द्यावें लागतें, अशी नोंद आहे.

एक आणा ऐकावयास लहान वाटतो. पण हिशेब करून पाहूं. शंभर रुपये कर्ज, रुपयास दरमहा एक आणा व्याज. महिन्याचे शंभर आणे, म्हणजे सहा रुपये चार आणे. वर्षाचे पंचाहत्तर रुपये, आणि मुद्दल जेथल्या तेथें. तेंच व्याज रुपयास दरमहा एक पैसा असेल तर वर्षाचे अठरा रुपये बारा आणे होतात. आणि एक पै असेल तर अवघे सहा रुपये चार आणे. म्हणजे आण्याच्या दरानें जें व्याज एका महिन्यांत द्यावें लागतें, तें पैच्या दरानें सबंध वर्षाला पुरतें. कर्ज तेंच, माणूस तोच, गरज तीच. फरक एवढाच कीं दाराशीं कोण उभा आहे. घर बुडतें तें बहुधा गरजेनें नव्हे, गरजेच्या वेळीं मान्य केलेल्या दरानें.

यावर उपाय युरोपांत निघाला होता. जर्मनींत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन नांवाच्या एका गांवकारभाऱ्यानें १८६४ सालीं हेडेस्डोर्फ येथें शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. एकट्या गरिबाला पत नसते. पण पन्नास गरीब एकमेकांना जामीन राहिले तर त्यांना पत येते, हें तिचें तत्त्व. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालच्या आपल्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकांत, कामकऱ्याला इतकें वेतन मिळावें कीं काटकसर करून त्याला थोडी शिल्लक टाकतां यावी व स्वतःची लहानशी मालमत्ता करतां यावी, असा विचार मांडला. काटकसरीचा उपदेश पोटभर न मिळणाऱ्याला करूं नये. आधीं योग्य मोबदला आणि मग बचत, हा त्यांतला क्रम विसरण्यासारखा नाहीं. पुढें १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि हें बीज इकडच्या जमिनींतही रुजलें.

आपल्या वसईंत तें १९१८ सालीं रुजलें. मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकारानें त्या वर्षीं आपल्या लोकांची सहकारी पतसंस्था निघाली. आज बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नांवानें जी बँक आपण जाणतों व जिचें मुख्य कार्यालय पापडीस आहे, ती हीच. तें वर्ष कसें होतें हें आठवलें म्हणजे त्या कामाचें मोल कळतें. पहिलें महायुद्ध चालू होतें, जिन्नस महागले होते, आणि त्याच वर्षाच्या जूनपासून मुंबईंत इन्फ्लुएंझाची सांथ सुरू झाली. अशा काळांत, पैसा थोडा असतांना, तो एकत्र ठेवण्याचें धैर्य आपल्या वाडवडिलांनीं दाखविलें.

सहकारानें केवळ व्याज उतरलें असें नाहीं; घरांत विचारला जाणारा प्रश्न बदलला. सावकार विचारी, "तारण काय?" पतसंस्था विचारते, "कर्ज कशासाठीं? फेडणार कसें? जामीन कोण?" विहिरीसाठीं किंवा शिक्षणासाठीं घेतलेलें कर्ज आणि मांडवासाठीं घेतलेलें कर्ज यांतला भेद येथें प्रथम चार लोकांसमक्ष बोलला गेला. जामीन राहणाऱ्या शेजाऱ्यालाही आपल्या शेजाऱ्याच्या संसाराची काळजी वाटूं लागली, कारण त्याचें बुडालें तर याला भरावें लागणार. आणि ज्या स्त्रीनें पदराच्या गांठींत चार पैसे राखले, तिला ते सुरक्षित ठेवण्याची जागा मिळाली. बियाण्याचा मुडा घरोघर होता. आतां सर्वांचा मिळून एक मुडा झाला. आपल्या संसाराच्या इतिहासांत मला हीच सर्वांत मोठी घटना वाटते.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलें. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन दशमान नाणीं आलीं. नोकऱ्या वाढल्या, पिकावर चालणारीं घरें पगारावर चालूं लागलीं. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, त्यामुळें संसार सोपा व्हावयास पाहिजे होता. पण एक उणीव राहिली. कणगी डोळ्यांना दिसत होती; तिचा तळ दिसूं लागला कीं हात आपोआप आंखडे. बँकेंतल्या आंकड्याला तळ दिसत नाहीं, आणि पगाराच्या घरांत बियाण्याचा मुडा कोणता, हें कोणी सांगितलें नाहीं.

याच सुमारास वसईच्या जमिनीला मोल आलें. मुंबई पसरत पसरत वसई-विरारपर्यंत आली, शेतांतून इमारती उठल्या, आणि १९८० नंतरच्या दशकाअखेर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली. या काळांत पुष्कळांनीं वाड्या विकल्या. कोणाला दुखण्यासाठीं, कोणाला मुलांच्या शिक्षणासाठीं, कोणाला वांटण्यांसाठीं विकाव्या लागल्या. त्यांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु जमीन विकून आलेला पैसा कोणत्या जातीचा, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. तें कणगींतलें भात नव्हे. तो मुडा आहे. तो जर दुसऱ्या मालमत्तेंत, मुलांच्या शिक्षणांत, धंद्यांत किंवा ठेवींत पुनः पेरला तर वंश चालला. पण तो मोटारींत, थाटाच्या लग्नांत व सणासुदींत गेला, तर ज्या आजीनें वैशाखांत पातळ पेज पिऊन मुडा राखला, तिचें राखलेलें बियाणें नातवंडांनीं दोन-चार वर्षांत खाल्लें असें म्हणावें लागेल. बुजविलेल्या बावखलाचें पाणी जसें पुढें विहिरींत येत नाहीं, तसाच हा पैसाही परत येत नाहीं.

दाराशीं उभा राहणारा सावकारही गेला नाहीं. त्यानें केवळ पोषाख बदलला. क्रेडिट कार्डाची रक्कम मुदतींत भरली नाहीं, तर बाकीवर दरमहा शेंकडा तीन ते साडेतीन व्याज लागणें ही सामान्य गोष्ट आहे. जुन्या हिशेबानें हा रुपयामागें दरमहा जवळजवळ अर्धा आणा झाला. मोबाइलवर घटकाभरांत मिळणाऱ्या कांहीं कर्जांचा दर याहूनही जड असतो. नवीन लग्न झालेलीं जोडपीं घराचा, गाडीचा, फोनचा असे तीन तीन हप्ते डोक्यावर घेऊन संसाराला आरंभ करतात, आणि घरांत कोणी आजारी पडलें कीं चौथें कर्ज काढतात. मोठ्या पगाराच्या घरांतही महिनाअखेर भांडण होतें तें यामुळें. पैशाची तंगी घरांत शिरली कीं नवराबायकोंतला गोडवा आधीं आटतो, हें धर्मगुरु म्हणून मला अनेक घरांतून दिसलें आहे.

तेव्हां करावें काय? नवें कांहींच नाहीं. आजीनें जें केलें तेंच नव्या साधनांनीं करावें. कापणी होतांच तिनें बियाणें आधीं निराळें काढलें आणि मग जेवण मोजलें. आपण पगार येतांच शिल्लक आधीं निराळी ठेवावी आणि मग खर्च मोजावा. शेवटीं उरेल तें राखूं म्हणणाऱ्याच्या घरांत कांहीं उरत नाहीं. वर्षांत ठराविक वेळीं येणारे खर्च, म्हणजे शाळेची फी, विमा, नाताळ, घराची डागडुजी, यांची बेगमी बारा महिन्यांत वांटून करावी. पतिपत्नींनीं मिळून एक वही ठेवावी व तींत कर्जाचा प्रत्येक दर वर्षाच्या शेंकड्यानें लिहावा, म्हणजे आणा कोणता व पै कोणती हें दिसेल. आणि लग्नाचा खर्च शेजाऱ्याच्या मांडवाकडे पाहून नव्हे, स्वतःच्या कणगीकडे पाहून ठरवावा.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, हेंही जुन्या घरांनींच शिकविलें. भाताच्या वांटण्यांत पाहुण्याचा व गरिबाचा वांटा पहिल्या दिवशींच निघत असे. ज्याचा हिशेब ठरलेला असतो त्यालाच मोकळ्या हातानें देतां येतें. कर्जांत बुडालेल्या माणसाचें मन कितीही उदार असलें तरी त्याचा हात बांधलेलाच असतो.

शेवटीं एक विनंती. या ज्युबिलीच्या वर्षांत प्रत्येक घरानें आपल्या वडीलधाऱ्या बायामाणसांना जवळ बसवून विचारावें, कीं तुमच्या काळीं भात किती होई, टोपलीचे किती आणे येत, लग्नाला किती लागलें, कर्ज कोणाचें होतें व तें कसें फिटलें. त्यांचीं उत्तरें एका वहींत लिहून काढावीं, आणि त्याच वहीच्या पुढल्या पानापासून आपल्या घराचा आजचा जमाखर्च लिहावयास आरंभ करावा. पुढच्या ज्युबिलीला जो कोणी या धर्मग्रामाचा इतिहास लिहील, त्याला आपल्या घरांची हकीकत त्या वह्यांत सांपडेल. आणि आपल्या मुलांना, निराळा बांधून ठेवलेला मुडा घरांत सांपडेल.